उत्तरापुरती शांतता

त्या दिवशी घरात भांडण झालं ते कपड्यांच्या चिमट्यांवरून.

"धुतलेली चादर अंगणात लोळत होती," आत्या म्हणाली. "का? तर दोरीला चिमटे नाहीत. चिमटे कुठे गेले? इथे. जगाच्या कल्याणाला."

"दोनच घेतले गं," बाबा म्हणाले.

"कालही दोनच घेतलेस. परवाही दोनच. तुझ्या दोन-दोननं माझी टोपली रिकामी झाली."

मुलगी टेबलाशी बसून एका भाषांतराची प्रुफं तपासत होती. तिनं मान वर केली नाही. बहीण-भावाचं हे भांडण एखाद्या दिवशी झालं नसतं, तरच तिला चुकल्यासारखं वाटलं असतं.

पुढच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत एक दोरी बांधलेली होती. तिच्यावर चिमटे, आणि प्रत्येक चिमट्यात कागदाच्या दोन चिठ्ठ्या. एक चिठ्ठी म्हणजे एक माणूस. बोटीवरचा आचारी आणि बर्फाळ मुलखातली शिंपीण. रात्रपाळीची नर्स आणि पृथ्वीच्या पार पलीकडे मेंढ्या राखणारा म्हातारा. वारा आला की सगळं जग फडफडायचं आणि आत्या म्हणायची, "खिडकी लाव, नाहीतर तुझा आचारी माझ्या आमटीत पडेल."

बाबांनी जन्मभर चपला-बुटांच्या दुकानात काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर ते फादरांकडे गेले आणि म्हणाले, मला मिशनरी करून कुठेतरी पाठवा. फादरांनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "कुठे जायचंय?"

"जिथे रोझरीला ओ द्यायला कुणी नाही तिथे."

रोझरी ही दोघांनी मिळून म्हणायची प्रार्थना. एकानं अर्धी म्हणायची, दुसऱ्यानं उरलेली अर्धी म्हणून ती पुरी करायची, आणि माळेचा मणी पुढे सरकवायचा. पण जगात कितीतरी माणसं एकटी. ती दोन्ही अर्धी स्वतःच म्हणतात. बाबांना हे सहन व्हायचं नाही. "स्वतःच हाक मारायची आणि स्वतःच ओ द्यायची," ते म्हणायचे, "याला काय अर्थ आहे?"

मग त्यांनी घरच्या फोनवरून जोड्या लावायला सुरुवात केली. इथला एक, तिथला एक. दोघांनी ठरल्या वेळी एकमेकांना फोन करायचा आणि आपापल्या भाषेत अर्धी-अर्धी म्हणायची. भाषा कळायची गरज नव्हती. समोरचा थांबला, की आपली पाळी. सुरुवात करणाऱ्याला बाबा 'उजवा' म्हणत आणि उत्तर देणाऱ्याला 'डावा'. दुकानाची सवय. फादर एक दिवस हसत म्हणाले, "आमचे मिशनरी बोटीनं गेले, घोड्यावरून गेले. हा पहिलाच बघतो, जो घरच्या चपला घालून पृथ्वीप्रदक्षिणा करतो."

बाबांनी दारावर 'जोड्या लावून मिळतील' अशी पाटी लावली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन बायका आपापल्या मुलांचे फोटो घेऊन आल्या. एकीनं तर पगारही सांगितला. आत्यानं त्यांना चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि मग पाटी काढून चुलीजवळच्या फळीला टेकू म्हणून लावली.

चुका व्हायच्याच. एकदा बाबांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची जोडी एका निवृत्त बँडमास्तरशी लावली. दोघंही उजवे. दोघंही सुरुवात करायचे, उत्तर कुणीच देईना. तिकडून तक्रार यायची, हा मला बोलूच देत नाही. इकडून तक्रार यायची, ही बाई मला वर्गात उभं करते. बाबांनी ती जोडी मोडायची ठरवली तर दोघंही भडकले. भांडायला हक्काचं माणूस मिळालं होतं, ते सोडायला कोण तयार होणार?

पण सगळ्यांत मोठी चूक म्हणजे प्लंबर.

तो त्या दिवशी घरातच होता, ओट्याखाली अर्धा शिरलेला, नुसते पाय बाहेर. मोरीचा पाइप पुन्हा गळत होता.

"प्लंबर," आत्या म्हणाली, "हा पाइप तू दुरुस्त करतोस की त्याला पढवतोस? दर महिन्याला गळतो आणि तू येतोस."

"आत्या, तुमच्या हातचं जेवायला काहीतरी निमित्त नको का?" ओट्याखालून आवाज आला.

त्याची गोष्ट अशी. दूरदेशीच्या एका आजीला बाबांनी याच गावातल्या एका पोस्टमनचा नंबर कळवला, पण एक आकडा चुकवला. आजीचा फोन लागला तो प्लंबरच्या दुकानात. आजी बोलत होती परक्या भाषेत, भारी तळमळीनं. प्लंबरला वाटलं, एवढी तळमळ म्हणजे मेन पाइपच फुटला असणार. ती थांबली की तो म्हणायचा, "हो आजी. येतो आजी. माणूस पाठवतो आजी." तेवढ्यात आजी पुन्हा सुरू. माळ संपेपर्यंत त्यानं माणूस पाठवायचं वचन इतक्यांदा दिलं होतं, की फोन ठेवल्यावर त्याला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी तो वाटच बघत होता. तिकडे पोस्टमन बाबांकडे येऊन सांगू लागला, मला कुणाचा फोनच येत नाही. शोधता शोधता बाबा प्लंबरच्या दुकानात पोचले, आणि सगळं ऐकल्यावर हसता हसता त्यांना तिथल्याच एका कमोडवर बसावं लागलं. नवा होता, विकायला ठेवलेला.

"काका, तिला तोडू नका," प्लंबर म्हणाला होता. "तिचा फोन आला नाही तर मला घास जात नाही."

तो चर्चला जाणारा नव्हता. बाबांनी त्याला उत्तराचा भाग शिकवला. तो त्यानं पाठ केला, पण शेवटी आमेननंतर "पाठवतो आजी" म्हणायची सवय काही गेली नाही. आजीला तो प्रार्थनेचाच भाग वाटत असणार. तिकडे तिची नातवंडंही आता तसंच म्हणतात, असं बाबा शपथेवर सांगायचे.

मुलीला यातलं सगळं आवडायचं, फक्त ती त्यात नसायची. ती पुस्तकांतली होती. चार भाषा तिला येत होत्या आणि त्या चारही भाषांत गप्प बसता येत होतं. एकदा परदेशातल्या चर्चच्या एका मोठ्या मेळाव्यात बाबांना भाषणाला बोलावलं, तेव्हा दुभाषी म्हणून तीच बरोबर गेली होती. रात्रभर तिनं तयारी केली. बाबा मंचावर गेले, माइकपाशी उभे राहिले, प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणाले आणि थांबले. क्षणभर काहीच नाही. मग सगळ्या सभागृहानं उत्तर दिलं, ज्याच्या त्याच्या भाषेत, एकाच वेळी. छप्पर थरथरल्यासारखं वाटलं. बाबांनी वाकून नमस्कार केला आणि खाली येऊन बसले. भाषण संपलं होतं. भाषांतर करण्यासारखं त्यात काही नव्हतं. परतीच्या प्रवासभर ते खुश होते. "भाषण चांगलं झालं ना?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. तिनं सांगितलं, फारच चांगलं झालं. सभागृहात एकटी आपणच गप्प होतो, हे तिनं सांगितलं नाही. त्यांनी ते पाहिलं असेल का, हेही विचारलं नाही.

संध्याकाळी प्लंबर जेवून गेला. शनिवार होता, म्हणजे क्रेनवाल्याचा फोन. हा बाबांचा स्वतःचा जोडीदार. कुठल्याशा लांबच्या बंदरात तो क्रेन चालवायचा आणि शनिवारी पाळी संपली की तिथल्याच फोनवरून बोलायचा. त्याची भाषा बाबांना येत नव्हती, मुलीच्या चारांतही ती नव्हती. नाव विचारायचं राहून गेलं होतं. जगभर उजवे-डावे वाटणाऱ्या बाबांनी स्वतःसाठी डावी बाजू ठेवली होती. "सुरुवात काय, कुणीही करतं," ते म्हणायचे. "उत्तर देणाऱ्याला आधी ऐकावं लागतं."

फोन वाजला. हॅलो वगैरे भानगड त्या दोघांत नव्हतीच. बाबांनी रिसीव्हर उचलला, की पलीकडून खरखरीत आवाज सुरू व्हायचा. तो थांबायचा, बाबा उत्तर द्यायचे. मध्येच त्या दिवशी क्रेनवाल्याला जोराची शिंक आली, बाबा म्हणाले, "सांभाळ रे," आणि दोघंही हसत सुटले. माळ तिथेच अडकली. आत्या आतून ओरडली, "देवाच्या दारात काय खिदळताय?" तर तिचा आवाज ऐकून पलीकडचा आणखीनच हसला.

मग दिवे लागले, आणि बाबांनी घरची माळ काढली.

ही माळ ते नेहमी पुढच्या खोलीत, दोरीखाली बसून म्हणत. आत्या स्वयंपाकघरात भांडी घासत आपली वेगळी पुटपुटायची. तिला बसून प्रार्थना जमत नसे. मुलगी तिच्या टेबलाशी. बाबा पहिला अर्धा भाग म्हणायचे आणि थांबायचे. उत्तर ते स्वतः कधीच म्हणत नसत. उत्तराला जेवढा वेळ लागतो, तेवढे गप्प राहायचे, मग मणी सरकवायचे आणि पुढचं सुरू. लहानपणापासून ती हे ऐकत आली होती. ती शाळेत जायला लागली त्या वर्षी आई गेली, तेव्हापासून. त्या शांततेची लांबी तिला श्वासासारखी माहीत होती. ती आईची जागा, असं तिनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आईच्या ताटावर जसं कुणी बसायचं नाही, तसं त्या शांततेत कुणी बोलायचं नाही. तेवढ्यापुरती ती पान उलटायचीही थांबायची.

त्या दिवशी माळ संपल्यावर बाबा तिच्या टेबलापाशी आले.

"चुका किती सापडल्या?"

"पुष्कळ."

"छान. म्हणजे उद्याही काम आहे," ते म्हणाले, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि झोपायला गेले.

रविवारी सकाळी ते चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, निघाले होते. दाराजवळच्या स्टुलावर बूट घालायला बसले. आत्या छत्री शोधायला आत गेली आणि छत्री घेऊन आली, तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते. उजव्या पायात बूट होता. डावा हातात.

आठवडा फोनच्या आवाजात गेला. एका जोडीनं दुसरीला कळवलं, दुसरीनं तिसरीला, आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं फोन करू लागली. मुलगी चर्चमध्ये आणि दफनभूमीच्या कामात होती, त्यामुळे फोन उचलायचा आत्यानं. तिला आपली एकच भाषा येत होती, आणि तीही ती चढ्या आवाजात बोलायची.

"काय बोलतात गं?" मुलीनं विचारलं.

"मला काय कळतंय? आधी रडतात. मग मध्येच काहीतरी आठवून हसतात. मी म्हणते, हो हो, खरंय, जेवलात का? मग ठेवतात."

मुख्याध्यापिका आणि बँडमास्तर यांनी एकाच तासात वेगवेगळे फोन केले, आणि दोघांनीही सांगितलं की पहिला फोन मीच केलाय. दफनाला प्लंबर नवा शर्ट घालून आला. फादरांनी खड्ड्याजवळ प्रार्थना सुरू केली, लोकांनी उत्तर दिलं, आणि सगळ्यांच्या आमेननंतर एकट्याचाच आवाज आला, "पाठवतो आजी." त्यानं जीभ चावली. पण फादरच आधी हसले, मग पुढची रांग, मग मागची. मुलीलाही हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसायला रुमाल काढला, तर तो बाबांचा निघाला.

शनिवारी आत्या स्टूल घेऊन दोरीखाली उभी राहिली. मुलीला वाटलं, आता चिमटे उतरवणार. आत्यानं नुसती धूळ झटकली.

"तुझे चिमटे घे की परत," मुलगी म्हणाली.

"राहू दे. चादर काय, कशीही वाळते." आत्या खिडकीजवळच्या शेवटच्या चिमट्यापाशी थबकली. त्यातली एक चिठ्ठी बाबांच्या अक्षरात होती, 'मी'. दुसरीवर नुसती क्रेन काढलेली. चित्र इतकं वाईट होतं की ती बदकासारखी दिसत होती. "याला कुणी कळवलं का?"

कुणीच कळवलं नव्हतं. क्रेनवाल्याचा नंबर कुणाकडे नव्हता. फोन नेहमी तोच करायचा. आज संध्याकाळी तो करणार होता.

"मी सांगेन त्याला," मुलगी म्हणाली. कोश पाहून, दोन जाणकारांना विचारून तिनं त्याच्या भाषेतलं एक वाक्य तयार केलं होतं. 'माझे वडील गेले.' उच्चार पक्के करायला ती ते दिवसभर पुटपुटत होती. या कामात तिचा हात कुणी धरला नसता.

"एवढंच सांगणार?"

"आणखी काय सांगायचं?"

आत्या स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. "सांगून ठेवून देणार फोन. मग तो पोरगा सुरुवात करून कुणासाठी थांबणार? तुझ्या बापासारखा भिंतीसाठी?"

"बाबा भिंतीसाठी नाही थांबायचे. आईसाठी थांबायचे."

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी दिवसाढवळ्या दिवा लावलेला पाहावा.

"तुझी आई? अगं, तुझी आई पक्की उजवी होती. तिला सुरुवात केल्याशिवाय चैन पडायचं नाही. लग्नात फादरांच्या आधी बोलली होती ती. उत्तर द्यायचा तो. आयुष्यभर उत्तरच दिलं त्यानं." तिनं पदरानं डोळे टिपले, पण आवाज चढाच ठेवला. "ती गेली आणि हा सुरुवात करायला लागला. मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाला, उत्तराची जागा पोरीला मोकळी करून दिलीय. तिच्या आईला द्यायचो ना मी उत्तर, तेवढी सोपी आणि चांगली जागा घरात दुसरी नाही."

मुलीनं वर दोरीकडे पाहिलं.

"मी म्हणायचे, अरे मग सांग ना तिला. तर म्हणे, मागून घेतलेलं उत्तर काय कामाचं? आपण थांबायचं. इतकी पुस्तकं वाचतेस गं तू, आणि तुला वाटलं आईसाठी."

"मी पानही उलटत नव्हते," मुलगी हळूच म्हणाली. "आवाज होऊ नये म्हणून."

"ते त्याला ठाऊक होतं," आत्या म्हणाली. "म्हणायचा, बघ, ऐकतेय. म्हणजे डावीच आहे. येईल."

मग आत्या उठली, नाक शिंकरलं, आणि पाइप पुन्हा गळायला लागल्याचं सांगत आत गेली. प्लंबरला जेवायला बोलवायचं आहे, हे तिला असं सांगायची सवय होती.

दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला.

मुलगी दोरीखाली, बाबांच्या खुर्चीत बसली होती. वाक्य तोंडात तयार होतं. तिनं रिसीव्हर उचलला. पण तिनं तोंड उघडायच्या आत पलीकडून तो खरखरीत आवाज सुरू झाला होता. हॅलो नाही, काही नाही. मागे कुठेतरी बोटीचा भोंगा वाजत होता, लोखंडावर लोखंड आपटत होतं. तिला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, आणि तो कुठवर आलाय हे नेमकं कळत होतं.

तो थांबला.

ती शांतता तिच्या ओळखीची होती. तीच लांबी. फोनच्या तारेतून, समुद्रापलीकडून, जशीच्या तशी घरी आलेली. दिवसभर घोकलेल्या वाक्याला त्या जागेत बसता येईना. ते माळ संपल्यावर सांगता आलं असतं. आत्ता पलीकडे एक माणूस मणी बोटांत धरून उभा होता.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. खिडकीतून वारा आला, आणि डोक्यावर आचारी, शिंपीण, नर्स, मेंढपाळ सगळे एकदम फडफडले. मुलीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, घसा खाकरला आणि मोठ्यानं, पुढच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन."